आघातरुग्णाची अतिदक्षता परिचर्या

अपघातात किंवा उंचावरून पडून गंभीर दुखापत झालेल्या रुग्णाची अतिदक्षता विभागात केली जाणारी शुश्रूषा. अशा रुग्णाच्या मृत्यूचे एक टाळता येण्याजोगे कारण म्हणजे अनावर रक्तस्राव. त्यात शरीराचे तापमान ३५° से.च्या खाली जाणे, रक्तातील आम्लता वाढणे आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडणे या तीन गोष्टी एकमेकींना बळ देतात, म्हणून त्यांना ‘घातक त्रिक’ म्हणतात. तपासणीसाठी उघडा केलेला रुग्ण झपाट्याने थंड पडतो. त्यामुळे ओले कपडे काढून त्याला उबदार पांघरूण घालणे आणि शिरेवाटे द्यावयाचे रक्त कोमट करून देणे हे परिचारिकेचे साधे वाटणारे काम वस्तुतः रक्तस्राव रोखण्याचाच उपचार असते. ट्रॅनेक्सॅमिक आम्ल हे रक्ताची गुठळी विरघळू न देणारे औषध दुखापतीनंतर ३ तासांच्या आत दिले तरच हितकारक ठरते, असे ‘क्रॅश-२’ या चाचणीतून (२०१०) व तिच्या पुढील विश्लेषणातून दिसले, म्हणून दुखापतीची वेळ अचूक नोंदवणे अत्यावश्यक असते. डोक्याला मार असल्यास टीसडेल व जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या ग्लासगो कोमा श्रेणीने (३ ते १५ गुण) शुद्धीची पातळी वारंवार तपासतात व गुण घटताच डॉक्टरांना कळवतात.