कृपया थांबा

तसा मी थांबवण्याच्या धंद्यातलाच माणूस. बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि गेली वीस वर्षं काउंटरच्या अलीकडे बसून पलीकडच्या जनतेला 'जरा थांबा' म्हणतो आहे. घरी गेल्यावर हेच वाक्य मला ऐकावं लागतं. हिशेब जुळतो!

लहानपणी वडिलांबरोबर बँकेत जायचो. चेक आत दिला की एक पितळी बिल्ला हातात यायचा. मग बाकावर अर्धा तास. पण कुणी कुरकुरत नसे. त्या बिल्ल्यावरचा नंबर सांगायचा, 'बाबा रे, तुझं काम आत पोचलंय. पळू नकोस.' बिल्ला नसता तर वडील दर दोन मिनिटांनी खिडकीशी गेले असते.

दूरदर्शनचंही तेच. ऐन रंगात चित्र जायचं आणि पाटी यायची, 'रुकावट के लिए खेद है.' सगळं घर ती पाटी भक्तिभावाने बघत बसायचं. नुसता काळा पडदा आला असता, तर वडिलांनी सेटच्या डोक्यावर थाप मारली असती.

थोरामोठ्यांनीही यावर डोकं खपवलेलं आहे. १९६८ साली आयबीएमच्या रॉबर्ट मिलर यांनी लिहून ठेवलं, की यंत्राशी 'बोलताना' उत्तराला दोनेक सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर माणसाच्या विचाराची गाडी रुळावरून घसरते. (आमच्या मॅनेजरसाहेबांची दोन सेकंदांच्या आतही घसरते, पण ते असो.) १९८१ मध्ये झेरॉक्सच्या 'स्टार' संगणकाने वाट पाहायला वाळूचं घड्याळ दाखवलं, १९८४ च्या मॅकिंटॉशवर सुझन केअर या बाईंनी चिमुकलं मनगटी घड्याळ काढलं. १९८५ मध्ये ब्रॅड मायर्स या टोरांटोच्या विद्यार्थ्याने निबंध छापला. त्याने ४८ विद्यार्थ्यांना संगणकावर शोधकाम दिलं होतं, कधी 'काम किती झालं' दाखवणारी पट्टी ठेवून, तर कधी न ठेवता. ८६ टक्क्यांना पट्टी आवडली. माणसाचं भांडण उशिराशी नसतं, मुकाटपणाशी असतं!

इंटरनेटचं पान असंच मुकं असतं. आपण बटण दाबतो, तिकडचा संगणक काम करत बसतो आणि ते पुरं होईपर्यंत इकडे काही हलत नाही. म्हणून शहाणे लोक एक युक्ती करतात. तिकडचा संगणक आधी एक छोटंसं पान धाडतो, 'कृपया थांबा, पुन्हा बटण दाबू नका.' खरं काम मागे चालू राहतं. ते छोटं पान दर दोन-चार सेकंदांनी आत डोकावून विचारतं, 'झालं का?' झालं, की तुम्हाला पुढे नेतं. म्हणजे आमचा शिपाईच, फक्त चहाला न जाणारा.

हे मला कळलं ते आमच्या एका गुरुजींमुळे. निवृत्त माणूस, पेन्शन बेताची. मुलाने घेऊन दिलेल्या कॉम्प्युटरवर त्यांनी विजेचं बिल भरलं. पान पांढरंफटक. मिनिटभर वाट पाहिली आणि पुन्हा बटण दाबलं. पैसे दोनदा गेले! परत यायला आठ दिवस लागले, आणि आठही दिवस गुरुजी माझ्यासमोर उभे.

"साहेब, आले का?"

"नाही," म्हणायचं आणि मान खाली घालायची, हे मी सात दिवस केलं. आठव्या दिवशी ते हळूच म्हणाले, "अहो, नसतील आले तर नसोत. पण कुठवर आलेत, तेवढं तरी सांगा! औषधं घ्यायची की थांबायचं, ते ठरवता येईल."

मी चपापलो. वीस वर्षं मीच एक पांढरंफटक पान होतो की!

आता 'सर्व्हर डाऊन' म्हणून मी खाली बघत नाही. "अर्ज आत गेलाय, वरच्या ऑफिसचं उत्तर यायचंय, आल्याबरोबर हाक मारतो," असं सांगतो. काम पूर्वीइतक्याच गतीने होतं; बँक ती बँकच. पण परवा गुरुजी बाकावर टेकत म्हणाले, "मग बसतो निवांत."

आणि खरंच बसले. पितळी बिल्ला मिळाल्यासारखे.