एक्सपी गेलं, पाण्याच्या पाळ्यांचं काय?

आजचा किस्सा घरचाच. दिवाळीला आण्याला गेलो होतो. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक सीडी हातात दिली. "बघ रे, विहिरीच्या पाळ्यांचा कागद यात आहे." २००६ साली आळेफाट्यावर टाइप करून घेतलेला. छापील प्रत कधीच हरवलेली, आणि आमच्या पठारावर पाण्याची पाळी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा, सगळी खिचडी! तात्या म्हणाले, "व्हायरस शिरलाय."

व्हायरस नव्हता. तेव्हाचे बरेच मराठी फॉन्ट म्हणजे एक जुगाड होता. कॉम्प्युटर साठवायचा इंग्रजी अक्षर, फॉन्ट त्यावर मराठी आकार चढवायचा. फॉन्ट नाही, तर मराठी नाही. आणि प्रत्येक कंपनीचा जुगाड वेगळा!

गंमत म्हणजे युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती. विंडोज २००० ला ती कळायलाही लागली. २००१ च्या एक्सपीत मात्र कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक टिक करावी लागायची, वर ते विंडोजची सीडी मागायचं. ती ऑफिसात कुणाकडे असणार? २००७ च्या व्हिस्टापासून ही सोय आपोआप आली, पण तोवर कपाटं जुन्या फायलींनी भरली होती. मी पाहिलेल्या ऑफिसांत "नवीन विंडोज टाकलं तर मराठी जाईल" ही भीती खरी होती. आम्ही इंजिनिअर उगाच हसायचो.

८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, तेव्हा सगळ्यांनी एक्सपीला शिव्या घातल्या. प्रत्यक्षात बहुतेक बाधित मशीन विंडोज ७ ची होती, अपडेट न केलेली.

आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही सपोर्ट संपला. ऑफिसातलं जुनं मशीन फॉरमॅट करणार असाल, तर आधी त्यातलं फॉन्ट्सचं फोल्डर कॉपी करा. फक्त डॉक्युमेंट्स घेऊन भागत नाही.

आमच्या फाइलीत वर्डने फॉन्टचं नाव तेवढं जपून ठेवलं होतं. तो फॉन्ट एका जुन्या डीटीपीवाल्याकडे मिळाला. मग कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये घेतला. जोडाक्षरं बिघडली होती, ती रात्री बसून हाताने नीट केली.

बुधवारची पाळी तात्यांची निघाली. चुलत्यांना मात्र अजून वाटतंय, ती कन्व्हर्टरची चूक आहे.