सेलूपुढचा ‘रोड’

रेल्वेच्या भाषेतला ‘रोड’ आम्हा सेलूकरांना अनुभवाने कळतो. स्टेशनच्या नावापुढे तो लागला, की समजायचं गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता तेवढा आहे. वर्धा–नागपूर मार्गावरच्या आमच्या स्टेशनचं नाव ‘सेलू रोड’. पाटीवरचं सेलू रेल्वेचं, रोड आमचा.

मी एसटीत कंडक्टर होतो. वर्ध्याहून निघालेली गाडी पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी करत नागपूरला न्यायची, हाच माझा बहुतेक जन्म. त्यामुळे कुठल्याही वाहनाकडे मी पायरीवर एक पाय ठेवून उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने बघतो. नागपूरच्या मेट्रोतही तसाच चढलो.

पण आधी रेल्वेचं सांगतो, कारण मेट्रोची गोष्ट तिथूनच सुरू होते. आमचा वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा निघाला १८६२ साली. पुढच्याच वर्षी, १० जानेवारी १८६३ ला, लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन जमिनीखालून पहिली गाडी धावली. इंजिन वाफेचं, भुयारात धूर, तरी पहिल्याच दिवशी अडतीस हजारांच्या आसपास लोक बसले. त्या शहराचे रस्ते घोडागाड्यांनी तुंबले होते आणि माणसांना कामावर पोचायचं होतं. म्हणजे ती गाडी माणसांसाठी होती.

आमच्याकडची तशी नव्हती. अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि साहेबाला वऱ्हाड-नागपूरची काळी माती दिसली. हिंगणघाटच्या कापसाचं नाव त्याच्या कानावर होतंच. जीआयपी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. तिच्या आदल्या वर्षी पालकवाडी नावाचं खेडं हटवून तिथे वर्धा शहर आखलं, आणि कवठ्याचं जिल्ह्याचं ठाणं तिकडे हललं. रेल्वे आल्यावर दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ ला, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गाठींना वाघीण मिळाली. माणसं मागून चढली, तीही तिसऱ्या वर्गात. त्या डब्यातल्या हालांवर गांधीजींनी १९१७ मध्ये एक पुस्तिकाच लिहिली. नंतर ते आमच्याच जिल्ह्यात राहायला आले, आणि ‘वर्धा पूर्व’ स्टेशनचं नाव ‘सेवाग्राम’ झालं. तिसरा वर्ग मात्र जायला १९७४ उजाडलं.

आमची आजी सांगायची, स्टेशनवर जायचं तर बंडी रात्रीच जुंपायची. बैल सावकाश चालत, आणि गाडी चुकली तर दिवस गेला. वाटभर तिचा एकच प्रश्न असायचा, “गाडी भेटन ना रे बापू?” नोकरीत हाच प्रश्न मी हजारदा ऐकला, फाट्यावर डोक्यावर टोपलं घेतलेल्या बाईच्या तोंडून. घंटीची दोरी माझ्या हातात असायची. डबल मारायच्या आधी मागे वळून बघायचं, कोणी पळत येत असेल तर. माझी नोकरी म्हणजे खरं तर एवढंच.

नागपूर मेट्रोची पायाभरणी ऑगस्ट २०१४ मधली. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी गाडी सुरू झाली, जानेवारी २०२० मध्ये लोकमान्य नगरची. पहिला टप्पा पूर्ण झाल्याचा सोहळा ११ डिसेंबर २०२२ चा. त्याच दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पाही खुला झाला. तो आमच्या सेलू तालुक्यातून जातो, पण त्याला वाटेत थांबायचे फाटे नाहीत, आणि फाटा नाही म्हणजे हात दाखवणारा माणूस नाही. कंडक्टरच्या दृष्टीने तो रस्ताच नव्हे.

नागपूरची मेट्रो भुयारात शिरत नाही. बहुतेक सगळी खांबांवरून धावते, खापरीकडे जमिनीवर येते. वर्धा रोडवर खाली जुना रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. ज्या रस्त्यावर मी उन्हात ट्रॅफिकमध्ये अडकून प्रवाशांच्या शिव्या खाल्ल्या, त्याच्या डोक्यावरून नातीबरोबर गेलो. तिने मोबाइलवर तिकीट काढलं, फाटक उघडलं. लिफ्ट, आंधळ्या माणसाच्या काठीला लागणाऱ्या खुणेच्या फरशा, बायकांसाठी राखीव डबा. सायकल घेऊन एक पोरगा डब्यात चढला तेव्हा माझा हात सवयीने लगेजचं तिकीट फाडायला गेला. सीताबर्डीला दोन्ही मार्ग एकमेकांना छेदतात, तिथे गाडी बदलली. पुढचं स्टेशन आलं ‘कॉटन मार्केट’. कापसाच्या गाठी गेल्या, नाव राहिलं. मला ते आवडलं.

सोय उत्तम आहे, माझं म्हणणं एकच. दार बंद होताना मागे वळून बघणारं कोणी नाही. घड्याळ पाळणाऱ्या गाडीला ते परवडणार नाही, हेही मला कळतं. तेव्हा धावत येणाऱ्याची सोय स्टेशनच्या बाहेर करावी लागते. खापरीला उतरल्यावर सेलूची एसटी कुठे, किती वाजता, हे फाटकाच्या बाहेर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असावं.

दुसऱ्या टप्प्यात मेट्रो बुटीबोरीपर्यंत येणार आहे. वर्ध्यापर्यंत ब्रॉडगेज मेट्रो आणायची घोषणाही आम्ही काही वर्षांपूर्वी ऐकली. यावी. मी तिकीट काढीन.

तोवर कोणी रेल्वेने आमच्याकडे येणार असेल तर एक लक्षात ठेवा. परभणी जिल्ह्यातही सेलू आहे, आणि त्यांचं स्टेशन नुसतं ‘सेलू’ आहे. तिकीट काढताना ‘रोड’ म्हणायला विसरू नका, आणि गाडी पॅसेंजरच धरा.