९१ की ९५? पंपावरच्या आकड्यामागची शिशाची गोष्ट

पंपावर गेलात की पोरगा विचारतो, "साधं टाकू की प्रीमियम?" आपल्याकडे साधं म्हणजे ९१ ऑक्टेन, प्रीमियम ९५ असं असायचं. हा आकडा ताकदीचा नाही बरं का. पेट्रोल दाबाखाली किती तग धरतं, ते तो सांगतो. स्पार्कची ज्योत पोहोचायच्या आधीच भलत्या जागी ते आपोआप पेटलं, की इंजिनात खटखट होते. तेच नॉकिंग.

१९२०च्या आसपास अमेरिकेत या खटखटीने इंजिनियर हैराण झाले होते. डिसेंबर १९२१मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना उपाय सापडला: टेट्राएथिल लेड. म्हणजे शिसं! चिमूटभर मिसळलं की नॉकिंग गायब. शिसं विषारी, हे तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून बाजारात नाव दिलं फक्त 'एथिल'. 'लेड' शब्दच गाळला.

आता गंमत बघा. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग थांबतं, हे मिजलींना माहीत होतं. पण अल्कोहोलचं पेटंट कोण देणार? शिशाच्या मिश्रणाचं मात्र घेता येत होतं.

ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्यानंतर मिजलींनी पत्रकारांसमोर तेच रसायन हातावर ओतून, हुंगून दाखवलं. आधीच्याच वर्षी ते स्वतः शिशाच्या विषबाधेमुळे सुट्टीवर गेले होते! तरीही १९२६मध्ये विक्रीला हिरवा कंदील मिळाला. मग कित्येक दशकं गाड्यांच्या धुरातून शिसं लहान मुलांच्या रक्तात उतरत राहिलं. भारतभर शिसंमुक्त पेट्रोल आलं फेब्रुवारी २०००मध्ये. जगात सगळ्यात शेवटी अल्जीरियात ते बंद झालं, २०२१मध्ये.

आणि आज आपल्या टाकीत काय असतं? २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. म्हणजे तेच अल्कोहोल!

तर प्रश्न उरतो, साधं की प्रीमियम? गाडीचं मॅन्युअल उघडा. ९१ लिहिलं असेल तर ९५ टाकून फार काही मिळत नाही. दोन्ही निम्मं निम्मं मिसळलं तर ऑक्टेन साधारण मध्ये, ९३च्या आसपास येतं. इंजिन बिघडत नाही, खिसा तेवढा हलका होतो.

पण पुढच्या वेळी कुणी 'यात खास काहीतरी मिसळलंय' म्हणालं, तर एकदा विचारा: काय मिसळलंय? १९२४मध्ये हा प्रश्न दाबला गेला, त्याची किंमत तीन पिढ्यांनी मोजली.