परांचीवरून पडल्यावर: भरपाईच्या हक्काचा इतिहास

बांधकामावर परांचीवरून पडलेला कामगार दवाखान्यात आला की तो आधी विचारतो, "डॉक्टर, हाड जुळेल ना?" घरच्यांना दुसरीच काळजी असते: "खर्च कोण देणार?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज कायद्यात आहे. ते कसे आले, हे आपण पाहू.

1837 साली इंग्लंडमध्ये एका खाटकाच्या नोकराने मालकावर दावा लावला. मांसाने वाजवीपेक्षा जास्त भरलेली गाडी मोडली आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. ज्युरीने 100 पौंड मंजूर केले, पण वरच्या न्यायालयाने ते नाकारले. यातून पुढे असा नियम रुजला की सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही. मालकाचाच निष्काळजीपणा जखमी माणसाने सिद्ध करायचा, आणि त्यात त्याची स्वतःची थोडी चूक निघाली तरी दावा बुडायचा. खाटेवर पडलेल्या माणसाने साक्षीदार आणि वकील कुठून आणायचे?

जर्मनीने 1884 मध्ये हा वाद बाजूला ठेवला. चूक कोणाची हे न पाहता मालकांच्या पैशातून अपघात विमा सुरू झाला. इंग्लंडने 1897 मध्ये भरपाईचा कायदा केला, पण बांधकामासाठी अट घातली: इमारत 30 फुटांपेक्षा उंच हवी. 25 फूट उंच घरावरून पडणाऱ्याचेही हाड तसेच मोडते, पण त्याला या कायद्याचा आधार नव्हता.

भारतात 1855 पासून अपघाती मृत्यूबद्दल वारसांना दावा करता येत असे, पण त्यातही समोरच्याची चूक दाखवावी लागे. 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा 1 जुलै 1924 पासून लागू झाला आणि चित्र बदलले. अपघात कामामुळे व कामावर असताना झाला, एवढे दाखवले की पुरे. माणूस ठेकेदाराने आणलेला असला तरी मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. निष्काळजीपणाचा दावा दिवाणी न्यायालयात लावण्याची वाटही खुली राहिली. मात्र एकाच इजेसाठी दोन्ही ठिकाणी पैसे मागता येत नाहीत.

आम्हा डॉक्टरांशी थेट संबंध असलेला एक निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये दिला. ओडिशात एका सिनेमागृहाच्या कामावर सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. हे अंशतः अपंगत्व आहे, असे मालकाचे म्हणणे होते. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्णच गेली, असे न्यायालयाने मान्य केले. म्हणजे शरीराचा किती भाग गेला एवढेच पाहून चालत नाही. त्या माणसाचे काम कोणते, हेही पाहावे लागते.

1996 मध्ये बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा आला आणि नोंदणी करणारी कल्याण मंडळे स्थापन झाली. 1923 च्या कायद्यातील तरतुदी 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या आहेत.

आता तुमच्या कामाचे. अपघातानंतर काही वेळा "घरी जिन्यावरून पडला असे सांगा, उपचाराचे आम्ही बघतो," असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. केसपेपरवर जे लिहिले जाते तेच पुढे पुरावा ठरते. कुठे, किती वाजता, किती उंचीवरून आणि कोणते काम करताना पडलात, हे डॉक्टरांना खरे सांगा आणि तसे लिहिले आहे का, ते वाचून घ्या. वाचता येत नसेल तर कोणाकडून तरी वाचून घ्या. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि बिले जपून ठेवा. मालकाला अपघाताची लेखी सूचना लवकर द्या. हाड जुळायला काही आठवडे लागतात. चुकीची नोंद मात्र घरादाराला वर्षानुवर्षे भोवते.