‘मला’ला कुठे बसवायचं?

दिवाळी अंकासाठी इतिहासावर लिहायचं ठरवलं की आधी गडकिल्ले आणि पेशवे आठवतात. पण गेली काही वर्षं मी इथे कार्ल्सरूहेत शनिवारी आपल्या मुलांना मराठी शिकवते, आणि त्या पायी ज्या इतिहासात शिरले तो निघाला सर्वनाम, क्रियापद आणि क्रियाविशेषण यांचा. नाकं मुरडू नका, गोष्ट खरंच मजेदार आहे.

नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण… शब्दांच्या आठ जाती आपण सगळ्यांनीच घोकल्या आहेत. नावं अस्सल संस्कृत, त्यामुळे हे थेट पाणिनीकडून आलं असेल असं वाटतं. तसं नाही. यास्काने शब्दांचे चारच प्रकार सांगितले आणि पाणिनीचं काम तर सुबन्त आणि तिङन्त या दोनांवर भागलं. आपले आठ कप्पे आले इंग्रजीतून. लिंडली मरे नावाचे एक अमेरिकन वकील इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झाले होते. त्यांनी १७९५ साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं आणि ते आपल्याकडच्या इंग्रजी शाळांपर्यंत पोचलं. मरेसाहेबांचे प्रकार नऊ. त्यातला ‘अ’, ‘द’चा कप्पा मराठीला लागत नाही. तो काढला की उरले आठ!

मुंबईत इंग्रजी शिकलेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी त्या धर्तीवर १८३६ साली ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ काढलं. वय अवघं बावीस. मराठीचे पाणिनी म्हणतात ते हेच. त्यांच्या आधी प्रयत्न झाले नव्हते असं नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रीने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण गोव्यात रायतूरला १६४० मध्ये छापलं गेलं, तेही पोर्तुगीज भाषेत. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालात श्रीरामपूरला छापलं. पण ती पुस्तकं परक्यांनी परक्यांसाठी लिहिलेली. दादोबांनी मराठी मुलांना मराठीतून त्यांचीच भाषा उलगडून दाखवली. कप्पे उसने घेतले म्हणून त्यांना नावं ठेवणं मला बरोबर वाटत नाही. समोर दुसरा नमुना होता कुठे?

अडचण कप्प्यांची नव्हतीच, ती वाक्याची होती. इंग्रजी वाक्यात क्रियापदाच्या आधी कुणीतरी खुर्ची अडवून बसावंच लागतं. पाऊस पडत असला तरी ‘इट’ नावाचा कुणी तरी तिथे हजर! मग भूक, थंडी, आवड सगळं ‘आय’च्या नावावर: आय अ‍ॅम हंग्री, आय अ‍ॅम कोल्ड, आय लाइक इट. मराठीत बघा. मला भूक लागली, मला थंडी वाजते, मला ताप आला. इथे ‘मी’ कर्ता नाहीच. लागते ती भूक, येतो तो ताप, आणि क्रियापद त्यांच्या लिंगाप्रमाणे बदलतं. आपण आपले बाजूला ‘मला’ होऊन उभे.

आमच्या वर्गातली मुलं नेमकी इथेच घसरतात. “मी भूक आहे,” असं एका चिमुरड्याने सांगितल्यावर हसू आवरणं कठीण गेलं. घरी आईबाबा काय करतात? इंग्रजीतून समजावतात, “आय अ‍ॅम म्हणजे मी आहे, पण इथे तसं नाही म्हणायचं.” म्हणजे मुलाच्या दृष्टीने मराठी ही अपवादांची भाषा झाली.

खरं तर मदत घराबाहेर रस्त्यावरच उभी आहे. थंडी वाजली की जर्मन माणूस म्हणतो, “मीर इस्ट काल्ट.” हा ‘मीर’ म्हणजे सरळ सरळ आपला ‘मला’. एखादी गोष्ट आवडली तर “दास गेफेल्ट मीर”, ते मला आवडतं. आणि गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीतही हे होतं. शेक्सपिअरच्या नाटकांत भेटणारा ‘मीथिंक्स’ हा त्याच घराण्यातला, ‘मला वाटतं’ या अर्थाचा. पुढे इंग्रजीने ती सगळी बिऱ्हाडं हलवली. आपल्या व्याकरणाला नमुना मिळाला तो नंतरच्या इंग्रजीचा.

आता ‘मी’ ‘मी’च राहतो तिथेही इंग्रजीचा नियम चालत नाही. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं. खाणारा तोच, पण क्रियापद चाललं खाल्लेल्या वस्तूच्या मागे! म्हणून तर कर्तरी, कर्मणी आणि भावे हे प्रयोग. आणि त्यांचंही समाधान न होणारी वाक्यं आहेतच. ‘तू मला पुस्तक दिलंस’ घ्या. ‘दिलं’ पुस्तकाचं आणि शेवटचा ‘स’ तुझा. एका क्रियापदात पुस्तकही आलं आणि देणाराही आला. या प्रयोगांवरून आपल्या व्याकरणकारांनी इतका खल केलाय की विचारू नका. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी निबंध लिहून दादोबांच्या मतांची झडती घेतली, मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि १९६४ मध्ये अरविंद मंगरूळकरांना ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ करावासा वाटलाच.

क्रियाविशेषणाचंही तेच. शाळेत ते अव्यय म्हणून शिकवतात, म्हणजे न बदलणारं. ‘ती हळू चालते’ इथपर्यंत ठीक. पण तो चांगला गातो आणि ती चांगली गाते, त्याचं काय? गाण्याबद्दलच सांगतोय ना आपण? असो.

कार्ल्सरूहेत राहून शब्दांच्या क्रमाचा विषय टाळता येत नाही, कारण त्याच्याशी झुंजणारी मंडळी इथेच आहेत. इथल्या केआयटी या विद्यापीठात अलेक्स वायबेल यांच्या गटाने २०१२ मध्ये जर्मन व्याख्यानांचा तिथल्या तिथे इंग्रजी अनुवाद करणारी यंत्रणा सुरू केली. तिच्यापुढची एक मोठी पंचाईत म्हणजे जर्मन क्रियापद. ते पुष्कळदा वाक्याच्या टोकाला येतं, आणि इंग्रजीला तर ते सुरुवातीलाच हवं. यंत्राने थांबावं की अंदाज करावा?

आपल्याला मात्र हेच टोकाचं क्रियापद उपयोगी पडतं. साधं जर्मन वाक्य आहे “इश फारे मॉर्गन नाख पुणे”, त्यामुळे मुलं म्हणतात, “मी जातो उद्या पुण्याला.” पण तेच वाक्य ‘वाइल’ने, म्हणजे ‘कारण’ने सुरू केलं की होतं “वाइल इश मॉर्गन नाख पुणे फारे”. शब्दाला शब्द ठेवा: कारण मी उद्या पुण्याला जातो. सर्वनाम, क्रियाविशेषण, क्रियापद, सगळे आपापल्या मराठी जागेवर!

तेव्हापासून वर्गात युक्ती ठरली आहे. वाक्य अडलं की मनात ‘वाइल’ म्हणायचं आणि मग मराठीत बोलायचं. एका मुलीने हात वर करून विचारलं, “पण कारण सांगायचं नसलं तरी क्रियापद शेवटीच?” मी हो म्हटलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे मराठी लोक सारखी कारणंच देतात.”