मॉरिशस : वसाहतवादाचा वारसा आणि ख्रिस्तसभा

हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर मूळची वस्ती नव्हती. तेथील समाज वसाहतवादातूनच उभा राहिला. म्हणून त्या राजवटींचे दूरगामी परिणाम तेथे विशेष स्पष्टपणे दिसतात.

१६३८ साली डच तेथे स्थायिक झाले व १७१० मध्ये निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी आणि १८१० मध्ये इंग्रजांनी बेटाचा ताबा घेतला. फ्रेंच अमलात मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. १७२३ च्या राजाज्ञेने गुलामांना कॅथलिक स्नानसंस्कार देणे बंधनकारक केले. त्याच आज्ञेने त्यांना मालकाची मालमत्ताही ठरविले. ही विसंगती आम्हा कॅथलिकांना विसरता येणार नाही.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. नुकसानभरपाई मात्र मालकांना मिळाली. उसाच्या मळ्यांसाठी १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर, बहुतांशी भारतातून, नेण्यात आले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. हालअपेष्टा त्यांनाही चुकल्या नाहीत. परंतु आपली भाषा व सणवार त्यांना जपता आले. गणेशचतुर्थीला आज तेथे सार्वजनिक सुट्टी असते. गुलामांच्या वंशजांचे, म्हणजे क्रिओल समाजाचे, तसे झाले नाही. पूर्वजांची नावे, भाषा आणि गाव यांचा धागाच तुटला होता.

या समाजात १८४१ साली फ्रान्सहून धर्मगुरू जाक देझिरे लावाल आले. ते पूर्वाश्रमीचे डॉक्टर. ते क्रिओल भाषा शिकले, तिच्यातून धर्मशिक्षण देऊ लागले आणि मुक्त झालेल्या गुलामांमधूनच त्यांनी धर्मशिक्षक घडविले. त्यासाठी त्यांनी मळेवाल्यांचा रोष पत्करला. ९ सप्टेंबर १८६४ रोजी ते निवर्तले. २९ एप्रिल १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले. पोर्ट लुईजवळील सेंत-क्रोआ येथील त्यांच्या कबरीवर सर्वधर्मीय भाविक दरवर्षी पायी जातात. ९ सप्टेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनीही तेथे प्रार्थना केली.

१२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. जुनी विषमता मात्र टिकून राहिली. १९९३ मध्ये एका क्रिओल धर्मगुरूंनी आपल्या समाजाची उपेक्षा जाहीरपणे मांडली, आणि त्यात ख्रिस्तसभेलाही आत्मपरीक्षण करावयास लावले. २००९ मध्ये शासनाने सत्य व न्याय आयोग नेमला; गुलामगिरी व करारबद्ध मजुरीच्या परिणामांवरील त्याचा अहवाल २०११ मध्ये सादर झाला. २०१२ पासून प्राथमिक शाळांत क्रिओल भाषा ऐच्छिक विषय म्हणून शिकविली जाऊ लागली.

कायदा बेड्या तोडतो. हिरावलेला सन्मान परत देण्यास पिढ्या लागतात. लावाल यांनी त्या कार्याचा आरंभ लोकांची भाषा शिकून केला. सुवार्ता सांगणाऱ्या प्रत्येकासाठी तो धडा आजही तितकाच मोलाचा आहे, असे आम्हाला वाटते.